उन्हाचे माप घेणाऱ्या अ‍ॅना मणी

ऑगस्ट महिन्यात एका आठवड्याच्या अंतराने अ‍ॅना मणी यांची पुण्यतिथी आणि जयंती येते. २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी, वयाची त्र्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास आठवडा उरला असताना, तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. जन्म आणि मृत्यू केरळातले असले, तरी या विदुषीच्या कर्तृत्वाचा मोठा काळ पुण्यात गेला. भारताच्या भूमीवर ऊन नेमके किती पडते, या साध्या भासणाऱ्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची व्यवस्था त्यांनी पुण्याच्या हवामान कचेरीतून उभी केली. आज गोव्यातील एखाद्या घराच्या गच्चीवर, किंवा मध्य प्रदेशातील सौंसरसारख्या मराठीभाषक मुलखात एखाद्या संत्र्याच्या बागेत, कोणी छोटे हवामान केंद्र बसवतो आणि त्यावरील सौर संवेदकासाठी जागा शोधू लागतो, तेव्हा तो नकळत त्यांच्याच प्रश्नापाशी येऊन उभा राहतो. यंत्र जो आकडा दाखवते तो खरा मानावा का, आणि मानावा तर कशाच्या बळावर?

हिऱ्यांऐवजी ग्रंथ

त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात अ‍ॅना यांचा जन्म झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत त्या सातव्या. घरात मुलग्यांनी शिकून मोठ्या नोकऱ्या कराव्यात आणि मुलींनी लग्न करून संसार थाटावा, अशी त्या काळच्या संपन्न घरांची रीत होती. आठव्या वाढदिवशी मुलीला हिऱ्यांची कर्णभूषणे देण्याचा कुटुंबाचा रिवाज होता. अ‍ॅना यांनी ती नाकारली आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. महात्मा गांधी १९२५ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने त्रावणकोरात आले, तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. त्या प्रभावातून त्यांनी पुढे खादी स्वीकारली आणि ती आयुष्यभर जपली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. ज्या हिऱ्यांचा मोह त्यांना बालपणी झाला नव्हता, ते हिरे इथे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले. हिरे व माणके प्रकाश कसा शोषतात आणि कसा उत्सर्जित करतात, याचे वर्णपट त्या छायाचित्रपट्टीवर उमटवीत. हा प्रकाश इतका मंद असे की, एकेका नोंदीसाठी पट्टी पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाकडे डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. विद्यापीठाने तो स्वीकारला नाही. कारण काटेकोर होते: अर्जदाराकडे एम.एस्सी. पदवी नाही. त्यांनी पदवी परीक्षेत ऑनर्स मिळवले होते, संस्थेची संशोधन शिष्यवृत्ती मिळवली होती आणि स्वतंत्र संशोधन छापून आणले होते. या गोष्टी नियमापुढे टिकल्या नाहीत. तो बांधलेला प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. अ‍ॅना मणी यांच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी कधीच लागली नाही. या अन्यायाचे भांडवल मात्र त्यांनी केले नाही. पदवी हुकल्याने आपल्या कामात काही उणे राहिले असे त्या मानत नसत.

पुण्याची कचेरी

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या. त्यांना शुद्ध भौतिकशास्त्रात पुढे जायचे होते. उपलब्ध जागा मात्र हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणाची होती. जे हाती आले ते त्यांनी मन लावून शिकून घेतले. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतून त्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुण्यातील उपकरण शाखेत रुजू झाल्या.

विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलले होते. देशभरच्या वेधशाळांना लागणारी उपकरणे मात्र बहुतांशी परदेशातून येत. युद्धकाळात ही आयात किती बेभरवशाची असते, याचा अनुभव विभागाने घेतला होता. उपकरण शाखेचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी देशी उत्पादनाचा ध्यास घेतला आणि अ‍ॅना मणी त्या कामात त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. पर्जन्यमापक, वायुभारमापक, तापमापक, वाऱ्याची गती व दिशा सांगणारी यंत्रे अशा सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित आरेखने त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि उत्पादन सुरू झाले. १९५३ मध्ये शाखेची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. पन्नाशीच्या दशकातील सरकारी कार्यशाळेत एका अविवाहित, खादीधारी स्त्रीने एवढ्या कारागिरांकडून व तंत्रज्ञांकडून काम करून घेणे ही त्या काळी विरळ गोष्ट होती.

त्यांचा आग्रह एका तत्त्वावर उभा होता. चुकीचे मोजमाप घेण्यापेक्षा मोजमाप न घेतलेले बरे, असे त्या सहकाऱ्यांना बजावीत. मोजमाप नसेल तर आपल्याला ठाऊक नाही हे निदान कळते. चुकीचा आकडा वहीत गेला की तो खऱ्या आकड्याच्या शेजारी त्याच अक्षरात बसतो आणि पुढे त्याला वेगळे काढता येत नाही. म्हणून वेधशाळेत पाठविण्यापूर्वी प्रत्येक यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून पाहण्याचा दंडक त्यांनी कटाक्षाने पाळला.

उन्हाचे जाळे

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. अनेक देशांनी पृथ्वीची, वातावरणाची आणि सूर्याची एकाच वेळी मोजमापे घेण्याचे ठरविले. भारतात सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून भूपृष्ठावर येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्याची जबाबदारी अ‍ॅना मणी यांच्यावर आली. प्रारंभी यंत्रे बाहेरून आणावी लागली, पण ती महाग होती. लवकरच त्यांनी ही उपकरणे पुण्यातच घडविण्यास घेतली. पुण्याचे प्रारण केंद्र आज आशिया खंडासाठी प्रादेशिक प्रमाण केंद्र म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेत काम करते, त्याचा पाया या काळात पडला.

या यंत्रांतील मुख्य यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. काळ्या रंगाची एक लहान चकती काचेच्या दुहेरी घुमटाखाली बसविलेली असते. ऊन पडले की चकती तापते. तिच्या तापलेल्या आणि थंड भागांतील तापमानाच्या फरकातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यावरून दर चौरस मीटरवर किती वॅट ऊर्जा पोहोचली हे काढले जाते. वातावरणाच्या बाहेर सूर्यासमोर धरलेल्या चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट पडतात. हवा, बाष्प, धूळ व ढग यांतून गाळून खाली किती उरतात, हे पायरॅनोमीटर सांगतो. घुमट संपूर्ण आकाशाकडे पाहत असल्याने थेट किरणांबरोबर आकाशातून विखुरलेला प्रकाशही त्यात धरला जातो.

घरगुती हवामान केंद्रावरचा संवेदक याच यंत्राचा स्वस्त भाऊबंद आहे. त्यात काळ्या चकतीऐवजी सिलिकॉनचा लहान प्रकाशसंवेदी तुकडा असतो. तो सूर्यप्रकाशाच्या सर्व तरंगलांबी सारख्या टिपत नाही, म्हणून निरभ्र आकाशाखाली उत्तम यंत्राशी ताडून त्याचे आकडे जुळवून दिलेले असतात. कारखान्यातून तो बऱ्यापैकी बरोबर येतो. पुढची बरोबरी किंवा चूक मात्र आपण त्याला दिलेल्या जागेवर अवलंबून राहते.

जागेची परीक्षा

प्रारण केंद्रासाठी जागा निवडताना पहिली अट असते ती मोकळ्या क्षितिजाची. संवेदकाच्या पातळीवरून पाहता झाड, भिंत, टाकी किंवा खांब क्षितिजापासून साधारण पाच अंशांहून वर डोकावू नये. सोप्या हिशेबाने, अडथळा संवेदकापेक्षा जितका उंच असेल त्याच्या दहापटीहून थोडा अधिक लांब हवा. संवेदकापेक्षा सहा मीटर उंच असलेला माड सत्तर मीटरवर हवा. गोव्याच्या वस्तीत किंवा सौंसरच्या बागेत ही अट पुरी होणे कठीणच. तेव्हा अंगणापेक्षा गच्ची बरी आणि गच्चीवरही पाण्याच्या टाकीपेक्षा उंच जागा बरी.

वाऱ्याच्या यंत्राला मोकळ्यावर दहा मीटर उंची लागते, तर तापमापकाला जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर सावलीची पेटी लागते. सौर संवेदकाला अशी ठरावीक उंची नसते. त्याला फक्त मोकळे आकाश हवे, आणि पुसण्यासाठी आपला हात तिथे पोहोचला पाहिजे. सगळी यंत्रे एकाच खांबावर बसविण्याचा मोह होतो, तेव्हा वरच्या वातमापकाची सावली संवेदकावर पडणार नाही हे पाहावे लागते.

इथे आपल्या अक्षांशाचा विचार येतो. सूर्य नेहमी दक्षिणेकडून जातो असे मानून संवेदक खांबाच्या दक्षिण बाजूला लावण्याचा सल्ला परदेशी माहितीपुस्तिकांत असतो. तो युरोपासाठी ठीक आहे. गोवा साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो, आणि २१ जूनच्या सुमारास तो सुमारे आठ अंश उत्तरेकडे झुकतो. सौंसर कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे. तेथेही मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच घडते. त्याहून महत्त्वाचे असे की, जूनमध्ये या दोन्ही ठिकाणी सूर्य पूर्व बिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेला मावळतो. म्हणून ईशान्येचा आंबा आणि वायव्येचा जिना यांची सावली हिवाळ्यात दिसत नाही, ती उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ यंत्रावर येते. डिसेंबरात जागा पाहून निर्धास्त झालेल्या माणसाची फसगत इथेच होते. सौंसरला २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो आणि वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. त्या सावलीवरून दक्षिणेकडचे अडथळे ओळखता येतात. उत्तरेकडचे मात्र जूनपर्यंत लपून राहतात. संवेदक खांबाच्या अगदी टोकाला, सर्वांहून वर बसविणे हा आपल्या मुलखातला सुरक्षित मार्ग आहे.

दुसरी अट सपाटीची. संवेदक गवंड्याच्या पाणसळीने तपासून अगदी आडवा बसवावा लागतो. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असताना यंत्र त्याच्याकडे दोन अंशांनी जरी कलले, तरी थेट किरणांचे माप सुमारे सहा टक्क्यांनी वाढून येते. सकाळी वाढलेले माप संध्याकाळी घटते आणि दिवसाच्या बेरजेत चूक झाकली जाते, पण कल दक्षिणेकडे असेल तर हिवाळाभर आकडा फुगलेलाच राहतो.

तिसरी अट निगेची. पावसाळ्यात घुमटावर शेवाळ धरते, समुद्रकाठी क्षारांचा थर साचतो, कापसाच्या आणि संत्र्याच्या मुलखात धूळ बसते, पक्षी तर सर्वत्र बसतात. मऊ ओल्या फडक्याने पुसणे हाच त्यावर इलाज. जागा बरोबर आहे का, हे यंत्र स्वतःच सांगते. निरभ्र दिवसाचा आलेख गुळगुळीत कमानीसारखा चढतो आणि उतरतो. अशा दिवशी रोज ठरावीक वेळी त्यात खाच दिसत असेल आणि ऋतूबरोबर ती हळूहळू पुढे-मागे सरकत असेल, तर तो ढग नसून सावली आहे हे ओळखावे. ढग असे वेळापत्रक पाळत नाहीत.

हे काटेकोरपण हौसेपुरते राहत नाही. संत्र्याच्या झाडाला आज किती पाणी लागेल, याचा हिशेब करताना उन्हाचा आकडा लागतो. आकडा सावलीमुळे कमी आला तर पाणी कमी दिले जाते, आणि कललेल्या यंत्रामुळे जास्त आला तर विहिरीचे पाणी वाया जाते. छपरावर सौर पट्ट्या बसवून कर्ज फेडणाऱ्या कुटुंबाचा अंदाजही याच आकड्यावर उभा असतो.

शेवटपर्यंत यंत्रांजवळ

साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात अ‍ॅना मणी यांनी वातावरणातील ओझोन मोजण्यासाठी फुग्यातून वर सोडण्याचे भारतीय उपकरण घडविले. असे स्वतःचे उपकरण त्या वेळी जगात मोजक्याच देशांकडे होते. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर त्यांनी काम केले. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रात त्यांनी हवामान वेधशाळा उभारली. १९६९ मध्ये त्यांची दिल्लीस बदली झाली. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांनी इजिप्तमध्ये काम केले. १९७६ मध्ये त्या विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्या बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक झाल्या. ज्या संस्थेच्या ग्रंथालयात त्यांचा नाकारलेला प्रबंध होता, तिथेच त्यांनी देशाच्या प्रारण-नोंदींचे ग्रंथ सिद्ध केले. भारताच्या सौर प्रारणाच्या आकड्यांची हस्तपुस्तिका १९८० मध्ये आणि भारतावरील सौर प्रारण हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे, मुंबई, नागपूर, गोवा अशा केंद्रांवर वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी त्यांत महिनावार मांडल्या आहेत. सौर ऊर्जेवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हे ग्रंथ हाताशी ठेवले. सौंसरच्या बागायतदाराला नागपूरचे आकडे आणि आपल्याला गोव्याचे आकडे ताडून पाहण्यास मिळतात, त्यामागे हे जाळे आहे. आपल्या गच्चीवरच्या संवेदकाने निरभ्र महिन्यांत या सरासरीपासून फार निराळे काही सांगितले, तर आधी जागा आणि पाणसळ तपासावी, इतका उपयोग त्यांचा सामान्य माणसालाही आहे.

पवनऊर्जेचा विषय देशात फारसा चर्चेत नसताना त्यांनी शेकडो ठिकाणी वाऱ्याची पद्धतशीर मोजणी हाती घेतली. बंगळूरजवळ वाऱ्याची गती व सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे तयार करणारा छोटा कारखानाही त्यांनी काढला. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. डोंगर-रानातून भटकणे, पक्षी पाहणे आणि पुस्तके वाचणे हे त्यांचे विरंगुळे होते. १९९४ मध्ये आलेल्या पक्षाघाताने त्यांचे हिंडणे-फिरणे थांबले. त्यानंतरची सात वर्षे त्यांनी या आजारपणात काढली.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०१८ मध्ये जागतिक हवामान संघटनेने त्यांचे स्मरण केले. पुण्यात मात्र त्यांची आठवण पुतळ्यांत वा रस्त्यांच्या नावांत शोधण्यापेक्षा कार्यशाळेच्या सवयींत शोधणे अधिक योग्य. प्रमाण यंत्राशी ताडल्याशिवाय यंत्र बाहेर पाठवू नये, जागा पारखल्याशिवाय ते उभारू नये आणि शंका असेल तर आकडा वहीत लिहू नये, ही ती सवय होय. विद्यापीठाने पदवी देण्याची अट घालून ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनी पुढे देशभरच्या यंत्रांना अटी घालून दिल्या, आणि त्या अटी आजही कोणाच्याही गच्चीवर, पाणसळ आणि ओले फडके हाती घेऊन, पाळता येतात.